बेट्सला का जाऊ दिले?

फेब्रुवारी 2020 मध्ये बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने मूकी बेट्स हा आपला सर्वोत्तम खेळाडू लॉस एंजलिस डॉजर्सला दिला. बेट्स तेव्हा 27 वर्षांचा होता. 2018 च्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी .346 होती, त्याने 32 होम रन मारले होते, 30 बेस चोरले होते आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली होती. त्या वर्षी रेड सॉक्सने साखळीत 108 सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सनाच हरवले. बेट्सच्या बदल्यात बॉस्टनला ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग हे तिघे मिळाले. बेट्सबरोबर डेव्हिड प्राइस हा महागडा पिचरही गेला. त्याच्या उरलेल्या तीन वर्षांचा पगार 9 कोटी 60 लाख डॉलर होता आणि त्यातला निम्मा भार बॉस्टननेच उचलला.

असे निर्णय मैदानावरचा मॅनेजर घेत नाही. कोणाला घ्यायचे, कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे हे 'फ्रंट ऑफिस' ठरवते. त्यात जनरल मॅनेजर, त्याच्या वरचा बेसबॉल विभागाचा प्रमुख, स्काउट आणि आकडेवारीचे विश्लेषक असतात. त्यांच्या हाताशी दोन मोठे नियम असतात. पहिला सेवाकाळाचा. मेजर लीगमध्ये सहा वर्षे भरेपर्यंत खेळाडूवर संघाचा हक्क राहतो. सुरुवातीची साधारण तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास, पुढची तीन वर्षे वाटाघाटीने किंवा लवादाने ठरेल तो पगार, आणि त्यानंतर तो फ्री एजंट, म्हणजे मोकळा. बेट्सचे 2020 हे शेवटचे बांधील वर्ष होते आणि पगार ठरला होता 2 कोटी 70 लाख डॉलर. दुसरा नियम लक्झरी टॅक्सचा. खेळाडूंच्या पगाराची बेरीज ठरावीक रेषेपलीकडे गेली की वरच्या रकमेवर कर बसतो. 2020 साठी ती रेषा 20 कोटी 80 लाख डॉलरवर होती. पहिल्या वर्षी 20 टक्के, सलग दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षापासून 50. एक वर्ष रेषेखाली राहिले की दर पुन्हा 20 वर येतो. रेड सॉक्सने 2018 आणि 2019 अशी दोन वर्षे ही रेषा ओलांडली होती.

बेट्सच्या जाण्यावरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. त्यातल्या दोन बाजू पुढे मांडल्या आहेत. एक संघाचा जुना चाहता, दुसरा फ्रंट ऑफिसच्या विचारपद्धतीचा पुरस्कर्ता. त्याला येथे हिशेबी म्हटले आहे.

चाहता : सगळ्यात आधी पैशाची सबब तपासली पाहिजे. 2018 मध्ये रेड सॉक्सने भरलेला कर सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर होता आणि 2019 मध्ये सुमारे 1 कोटी 34 लाख. पगाराची बेरीज त्या काळात 24 कोटींच्या आसपास होती. 2020 मध्ये रेषेच्या 3 कोटी वर गेले असते तरी 50 टक्क्यांचा दर आणि रेषेच्या बरेच वर गेल्यास लागणारा अधिभार धरून कर सुमारे 1 कोटी 60 लाख झाला असता. हा आकडा कोणत्या मालकांना जड जावा? ज्यांनी 2002 मध्ये हा संघ सुमारे 70 कोटी डॉलरना घेतला, 2010 मध्ये इंग्लंडचा लिव्हरपूल फुटबॉल क्लब घेतला आणि 2021 च्या अखेरीस पिट्सबर्ग पेंग्विन्स हा आइस हॉकीचा संघ घेतला, त्यांना? संघाचे मैदान असलेल्या फेनवे पार्कची तिकिटे देशातल्या सर्वांत महाग तिकिटांत मोडतात. त्या काळच्या ओकलंड किंवा टँपा बे यांच्यासारख्या संघाने खेळाडू विकला तर चाहता हळहळतो, पण त्यांची अडचण त्याला समजते. बॉस्टनला ती अडचण नव्हती. आणि खेळाडू कोण, तेही पाहा. बाहेरून विकत आणलेला नव्हे. 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पाचव्या फेरीत निवडलेला, मायनर लीगमध्ये वाढवलेला, सेकंड बेसवरून उजव्या मैदानात नेऊन घडवलेला. संघाच्या स्काउटिंगचे आणि प्रशिक्षणाचे ते सर्वांत मोठे यश होते. तेच दुसऱ्याच्या हवाली केले.

हिशेबी : कर एवढाच खर्च असता तर हे म्हणणे मान्य करता आले असते. रेषेच्या फार वर गेलेल्या संघाचा ड्राफ्टमधला क्रमही दहा जागा मागे ढकलला जातो. 2018 च्या खर्चामुळे 2019 मध्ये बॉस्टनचे तसेच झाले. मोठा फ्री एजंट निघून गेला तर संघाला भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. कर भरणाऱ्या संघाला ती चौथ्या फेरीनंतर मिळते, म्हणजे जवळपास काहीच नाही. 2020 च्या सुरुवातीला फ्रंट ऑफिससमोर तीन वाटा होत्या. बेट्सला आणखी एक वर्ष ठेवायचे आणि तो गेल्यावर चौथ्या फेरीनंतरचा एक होतकरू पोरगा निवडायचा. किंवा बेट्स मागेल ती रक्कम द्यायची. 10 वर्षांसाठी 30 कोटींचा प्रस्ताव त्याने नाकारला आणि 12 वर्षांसाठी 42 कोटी मागितले, असे त्या वेळी बातम्यांत आले होते. किंवा मग बाजारात त्याची किंमत असताना त्याच्या बदल्यात खेळाडू मिळवायचे. आधीच्या वर्षांचा हिशेबही बघितला पाहिजे. बेसबॉल विभागाचे तेव्हाचे प्रमुख डेव्ह डोम्ब्राउस्की यांनी 2018 चे विजेतेपद मिळवून दिले, ते मोठेच होते. पण त्यासाठी मायनर लीगमधले होतकरू खेळाडू एकामागून एक दिले गेले. पेरणीचे बियाणे विकून सण साजरा झाला. प्राइसला सात वर्षांचे 21 कोटी 70 लाख, मार्च 2019 मध्ये ख्रिस सेलला पाच वर्षांचे 14 कोटी 50 लाख, नेथन इओव्हाल्डीला चार वर्षांचे 6 कोटी 80 लाख. पुढच्याच वर्षी सेलच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. बेट्स संघात असतानाच 2019 मध्ये रेड सॉक्सने 84 सामने जिंकले आणि बाद फेरी गाठली नाही. सप्टेंबर 2019 मध्ये डोम्ब्राउस्की गेले आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या जागी टँपा बेचे हाइम ब्लूम आले. त्यांच्या हाती आलेले घर आतून पोकळ होते.

चाहता : घर पोकळ होते म्हणून त्याचा सर्वांत भक्कम खांब काढायचा, हे तर्कात बसत नाही. बदल्यात काय मिळाले? डाउन्स बॉस्टनसाठी मोजकेच सामने खेळला आणि 2022 च्या अखेरीस संघाने त्याला सोडून दिले. व्हर्डुगो बरा खेळाडू होता. डिसेंबर 2023 मध्ये तोही गेला, तोही कट्टर प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यांकीजकडे. राहिला फक्त वाँग. तिकडे जुलै 2020 मध्ये, महामारीत सगळे ठप्प असताना, बेट्सने डॉजर्सशी 12 वर्षांचा 36 कोटी 50 लाखांचा करार केला. म्हणजे बातम्यांतली 42 कोटींची मागणी खरी असेल, तर तो त्याहून पुष्कळ कमी रकमेवर राजी झाला. डॉजर्स 2020, 2024 आणि 2025 मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकले. रेड सॉक्स 2020 मध्ये 24 विजय आणि 36 पराभवांसह तळाला. 2021 चा एक चांगला हंगाम सोडला तर 2022 आणि 2023 मध्ये पुन्हा तळाला, दोन्ही वेळा 78 विजय. त्यातही 2022 चे प्रकरण सर्वांत लागणारे आहे. ज्या रेषेखाली येण्यासाठी बेट्सला दिले, तीच रेषा 2022 मध्ये शेवटचा क्रमांक मिळवताना थोडक्यात ओलांडली गेली. कर बसला अवघा 12 लाखांच्या आसपास, पण त्यामुळे संघाचा शॉर्टस्टॉप झँडर बोगार्ट्स फ्री एजंट म्हणून सॅन डिएगोला गेला तेव्हा मिळालेली भरपाई चौथ्या फेरीनंतर घसरली. 2020 मध्ये याच धोक्याच्या नावाखाली बेट्सला घालवले होते. मग नियम हे कारण होते की निमित्त?

हिशेबी : 2022 चा बचाव करता येत नाही. त्या उन्हाळ्यात एक तर संघ जिंकण्यासाठी मजबूत करायला हवा होता, नाहीतर खर्च रेषेखाली आणायला हवा होता. दोन्ही झाले नाही. पण एका जागी चूक झाली म्हणून दुसरा निर्णय आपोआप चुकीचा ठरत नाही. निर्णय घेतला त्या दिवशी जे माहीत होते, त्यावरूनच तो तोलला पाहिजे. डाउन्स हा त्या वेळी देशातल्या चांगल्या होतकरू खेळाडूंत गणला जात होता. तो अपयशी ठरला हे पुढचे ज्ञान. या बाबतीत चाहत्यांची स्मृती निवडक असते. 31 जुलै 2004 रोजी तेव्हाचे जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन यांनी नोमार गार्सियापाराला शिकागोला पाठवले. तोही घरचा, तोही शहराचा लाडका. त्या दिवशी बॉस्टनमध्ये जो संताप उसळला तो बेट्सच्या वेळेपेक्षा कमी नव्हता. बदल्यात आलेल्या ऑर्लँडो कॅब्रेरा आणि डग मिंटकेविच यांच्यामुळे क्षेत्ररक्षण सुधारले आणि तीन महिन्यांत संघाने 86 वर्षांनंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. ऑगस्ट 2012 मध्ये एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड आणि जॉश बेकेट यांना याच डॉजर्सकडे पाठवून 25 कोटींहून अधिक रकमेची देणी उतरवली गेली. 2013 मध्ये रेड सॉक्स पुन्हा विजेते झाले. हे दोन निर्णय चाहते फ्रंट ऑफिसच्या हुशारीचे म्हणून आठवतात आणि 2020 चा निर्णय लोभाचा म्हणून. तिन्ही ठिकाणी विचार करण्याची रीत एकच होती. वेगळा निघाला तो निकाल.

चाहता : रीत एक नव्हती, आणि हा फरक वादाच्या मुळाशी आहे. गार्सियापाराला दिले ते त्याच वर्षी जिंकण्यासाठी. त्याच्या दुखापती वाढल्या होत्या, वय 31 झाले होते आणि संघाला शॉर्टस्टॉपच्या जागी चांगले हात हवे होते. 2012 मध्ये गेलेल्या करारांत क्रॉफर्डचा करार तर पहिल्या दिवसापासून फसलेला होता. तिथे संघ आपल्या चुका आवरत होता. 2020 मध्ये गेला तो चूक नव्हता. 27 व्या वर्षी, ऐन भरात असलेला, बॅट, पाय आणि हात या तिन्हींनी सामना फिरवणारा. बॉस्टनच्या इतिहासात याला जवळची उदाहरणे वेगळी आहेत. 1919 च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला 1 लाख डॉलर आणि फेनवे पार्क तारण ठेवून मिळालेले कर्ज, एवढ्यावर यांकीजना विकले. 1996 नंतर रॉजर क्लेमेन्सला जाऊ दिले. त्याने पुढे सर्वोत्तम पिचरचे आणखी चार साय यंग पुरस्कार मिळवले. डिसेंबर 2023 मध्ये सेलला अटलांटाला दिले. पुढच्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला.

आकडेमोडीच्या भाषेतही या निर्णयात खोट आहे. रोस्टरवर 26 जागा असतात आणि मैदानात एका वेळी नऊ. तीन बरे खेळाडू मिळून एका असामान्य खेळाडूएवढे विजय देतील असे कागदावर दाखवता येते. पण त्या तिघांना तीन जागा लागतात, असामान्य खेळाडूला एकच. उरलेल्या दोन जागांवर आणखी चांगली माणसे आणता येतात. म्हणून एका जागेवर एकवटलेली गुणवत्ता साध्या बेरजेपेक्षा मोलाची असते. हे विश्लेषकांना चाहत्यांपेक्षा जास्त चांगले कळते. तरीही त्यांनी तिघे घेतले.

हिशेबी : जागांचा हा मुद्दा खरा आहे. 2020 च्या व्यवहारावर घेता येणारा तो सर्वांत भक्कम आक्षेप आहे. पण असामान्य खेळाडू ठेवला म्हणजे संघ जिंकतो, असे त्यातून निघत नाही. लॉस एंजलिस एंजल्सने माइक ट्राउटला 2019 मध्ये 12 वर्षांसाठी 42 कोटी 65 लाख दिले. त्या पिढीतला तो सर्वोत्तम खेळाडू. त्याआधी 2011 मध्ये अल्बर्ट पुहोल्सला 10 वर्षांसाठी 24 कोटी दिले होते. पुढे शोहेई ओहतानीही सहा वर्षे त्याच संघात होता. 2014 नंतर एंजल्सनी एकदाही बाद फेरी गाठलेली नाही. पुहोल्सचा करार संपेपर्यंत तो आपल्या जुन्या खेळाची सावलीही उरला नव्हता. बेट्सचा करार 2032 पर्यंत आहे; तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल. 2025 च्या साखळीत त्याची फलंदाजी त्याच्या मानाने मंदावलेली होतीच. बोगार्ट्ससाठी सॅन डिएगोने 11 वर्षांचे 28 कोटी मोजले आणि बॉस्टनमधल्या त्याच्या खेळाच्या तुलनेत त्यांना कमीच मिळाले. फ्रंट ऑफिसचे काम उद्याच्या बातमीचे नसते. दहा वर्षांतल्या शक्यता तोलण्याचे असते.

चाहता : शक्यता तोलण्याची ही पद्धत कुठे चुकते, याचे उत्तर 2020 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात मिळते. एका बाजूला डॉजर्स आणि त्यांच्यात बेट्स. दुसऱ्या बाजूला टँपा बे, म्हणजे ब्लूम जिथे घडले तोच संघ आणि तीच विचारपद्धती. टँपाचा पिचर ब्लेक स्नेल त्या दिवशी कोणालाच खेळता येत नव्हता. सहाव्या इनिंगपर्यंत नऊ जणांना स्ट्राइकआउट केले होते. डॉजर्सचे पहिले तीन फलंदाज, बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, मिळून सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले. टँपा 1-0 ने पुढे. एक जण बाद असताना ऑस्टिन बार्न्सने एक साधा सिंगल मारला. फक्त 73 चेंडू झालेले. मॅनेजर केव्हिन कॅश मैदानात आले आणि त्यांनी स्नेलला काढले. निक अँडरसनच्या हाती चेंडू गेला. बेट्सने लगेच डबल मारला, एका वाइल्ड पिचवर बार्न्स घरी आला, मग सीगरच्या ग्राउंडरवर बेट्स धावत घरी पोहोचला. आठव्या इनिंगमध्ये त्यानेच होम रन मारला. 3-1. विजेतेपद डॉजर्सचे. हंगामभराच्या सरासरीने सांगितले की फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की पिचर मार खातो. डोळ्यांसमोर जे चालले होते ते सरासरीला दिसले नाही. बेट्सला जाऊ देतानाही असेच झाले. पुस्तकात त्याची किंमत होती. त्याच्या असण्याने संघाला, शहराला जे मिळत होते त्याला रकाना नव्हता.

या सामन्याचे उदाहरण दोन्ही बाजूंनी सारख्याच हक्काने वापरले जाते. ते केवळ भावनेचे उदाहरण नाही. एका रात्रीचा पुरावा किती धरायचा आणि हजारो रात्रींचा किती, हा खरा प्रश्न त्यात आहे. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ साखळीत 162 सामने खेळतो, म्हणून हा प्रश्न या खेळात जितका सतत येतो तितका दुसऱ्या खेळांत क्वचितच येतो.

हिशेबी : कॅश यांचा निर्णय अनेक विश्लेषकांनाही पटला नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. सरासरी हा आदेश नसतो, सुरुवातीचा अंदाज असतो. समोरचे दिसेल तसा तो बदलायचा असतो. पण याच पद्धतीने टँपा, देशातला जवळपास सर्वांत कमी खर्चाचा संघ, त्या सामन्यापर्यंत पोहोचला होता. पद्धत नसती तर स्नेलला काढण्यावरून वाद घालण्याची वेळच आली नसती. 'डोळ्यांना दिसते' हे प्रमाण मानले तर ते प्रत्येक बाजूला वापरता येते. 2010 मध्ये क्रॉफर्डही डोळ्यांना भरवशाचा दिसत होता. 2014 मध्ये पाब्लो सँडोव्हालला पाच वर्षांचे 9 कोटी 50 लाख दिले, तेव्हा त्याचे वर्ल्ड सिरीजमधले पराक्रम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजे होते. 2017 मध्ये करार संपण्याआधीच त्याला घरी पाठवावे लागले.

खरा अवघड मुद्दा तुम्ही शेवटी आणला, रकान्याचा. खेळाडूवरच्या प्रेमाचा हिशेब कसा मांडायचा हे फ्रंट ऑफिसला माहीत नाही. तो मांडूच नये असे मात्र नाही.

चाहता : मग तो कोणी मांडायचा, हे विचारले पाहिजे. 2019 चा हंगाम संपता संपता प्रमुख मालक जॉन हेन्री यांनी 2020 मध्ये रेषेखाली यायचे आहे असे जाहीरपणे सांगितले. पुढे ते उद्दिष्ट होते, आदेश नव्हता, असे सांगितले गेले. ज्याला नोकरी टिकवायची आहे त्याला या दोहोंत फरक दिसेल का? रेषा मालकाने आखली, खेळाडू ब्लूम यांनी दिला, आणि सप्टेंबर 2023 मध्ये नोकरी गेली ती ब्लूम यांची. जानेवारी 2023 मध्ये स्प्रिंगफील्डला चाहत्यांसाठी भरवलेल्या कार्यक्रमात हेन्री आणि ब्लूम या दोघांचीही हुर्यो उडवली गेली. पण व्यासपीठावर उत्तरे देण्याची पाळी बहुतेक वेळा ब्लूम यांच्यावरच येत असे. 'फ्रंट ऑफिसने ठरवले' असे म्हटले की निर्णय शास्त्रीय वाटतो. त्याच्या तळाशी मात्र एक साधी गोष्ट असते: कोणी तरी किती नफा पुरेसा आहे ते आधीच ठरवलेले असते.

हिशेबी : हे मान्य केले पाहिजे. बेट्सच्या व्यवहाराचा बचाव करताना खर्चाची मर्यादा हवामानासारखी धरली जाते, जणू ती कोणी आखलीच नव्हती. ती माणसांनी आखली होती आणि तिचा जाब आखणाऱ्यांकडेच मागायला हवा. पण मर्यादा मालकाची, हे एकदा मान्य केले की त्या मर्यादेत ब्लूम यांनी काय केले तेही तितक्याच न्यायाने बघावे लागते. 2021 च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर मार्सेलो मायर, 2022 मध्ये रोमन अँथनी, 2023 मध्ये काइल टील. टील आणि इतर होतकरू खेळाडू देऊन डिसेंबर 2024 मध्ये ब्लूम यांच्या जागी आलेल्या क्रेग ब्रेसलो यांनी पिचर गॅरेट क्रोशेला आणले. 2025 मध्ये तो साय यंगच्या मतदानात दुसरा आला. त्या वर्षी रेड सॉक्सने 89 सामने जिंकले आणि 2021 नंतर प्रथमच बाद फेरी गाठली. पेरले कोणी आणि कापले कोणी, हे लक्षात ठेवावे लागेल.

दुसरे उदाहरण राफाएल डेव्हर्सचे. तोही घरचा खेळाडू. जानेवारी 2023 मध्ये चाहत्यांना हवे होते तेच झाले: 10 वर्षांचा 31 कोटी 35 लाखांचा करार. 2025 मध्ये ॲलेक्स ब्रेगमन आल्यावर डेव्हर्सचा थर्ड बेस गेला आणि तो फक्त फलंदाजीपुरता उरला. मग फर्स्ट बेसवरचा ट्रिस्टन कसास जखमी झाल्यावर त्याला फर्स्ट बेसवर उभे राहायला सांगितले गेले, त्याने नकार दिला, आणि 15 जून 2025 रोजी, यांकीजना सलग तीन सामन्यांत हरवल्याच्या दिवशी, तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्यानंतरही संघ बाद फेरीत पोहोचला. तारा ठेवणे हाच उपाय असता तर असे घडले नसते.

चाहता : डेव्हर्सचे उदाहरण उलट्या बाजूचा पुरावा आहे. करार झाला म्हणजे संघाने शब्द दिला. दोन वर्षांनी त्याच्या जागी दुसरा आणला, आणि आधी त्याला त्याची जागा कायम आहे असे वाटू दिले. फर्स्ट बेसला नकार देणे त्याचे चुकले, संघाच्या अडचणीत खेळाडूने उभे राहायला हवे. पण विश्वास आधी कोणी मोडला? पैशाच्या जोरावर माणूस ठेवता येतो आणि वागणुकीने तो तुटतो. बाद फेरी गाठली, हेही खरे. तिथे पहिल्याच मालिकेत यांकीजकडून हरून बाहेर पडले.

आणि खेळाडू हा मुळातच मालमत्ता नाही. कर्ट फ्लडला 1969 मध्ये सेंट लुईसने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला दिले, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1972 मध्ये हरला. 1975 च्या लवादाच्या निर्णयानंतर खेळाडू मोकळे झाले. आज दहा वर्षे मेजर लीगमध्ये आणि शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला आपली अदलाबदल नाकारता येते. म्हणजे दीर्घ निष्ठेला किंमत आहे हे खेळाने स्वतःच नियमात लिहिले आहे. तीच किंमत चाहत्यांच्या निष्ठेला का नाही? 2003 ते 2013 अशी दहा वर्षे फेनवे पार्कचा प्रत्येक सामना भरलेला होता. लोक कोणत्या तरी माणसांना पाहायला येत होते. ती माणसे वर्षानुवर्षे तीच राहिली म्हणून मुलांना आणि नातवंडांना सांगण्यासारखे काही उरले.

हिशेबी : त्या दहा वर्षांत संघ दोनदा विजेताही झाला. लोक माणसांसाठी आले की विजयांसाठी, हे वेगळे काढता येत नाही. आणि इथेच दोन्ही बाजूंचा खरा फरक आहे. फ्रंट ऑफिस ज्या चाहत्यासाठी काम करते तो आजचाही असतो आणि दहा वर्षांनंतरचाही. आजच्या चाहत्याला बेट्स हवा होता. 2030 च्या चाहत्याला त्याच्या उरलेल्या पगाराचे ओझे नको असेल. दोघांपैकी कोणाला झुकते माप द्यायचे, हे कोणत्याही सूत्रातून निघत नाही.

चाहता : 2030 चा चाहता तयार व्हायचा असेल तर 2020 च्या मुलाला आज कोणावर तरी जीव लावू द्यावा लागतो. डॉजर्सनी हे दोन्ही जमवले: ड्राफ्टमधून पिके काढली, पैसेही टाकले आणि बेट्सलाही ठेवले. त्यामुळे 'हे किंवा ते' ही मांडणीच बॉस्टनच्या मालकांची होती, खेळाची नव्हती.

हिशेबी : डॉजर्सना स्थानिक टीव्ही प्रसारणातून मिळणारे उत्पन्न बॉस्टनच्या उत्पन्नापेक्षा बरेच मोठे आहे. त्यांना जे जमते ते इतर बहुतेक संघांना जमत नाही. पण बॉस्टनला त्याच्या जवळपास तरी जाता आले असते का, या प्रश्नाला 'नाही' असे ठामपणे म्हणता येत नाही.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 रोजी संपतो. लक्झरी टॅक्सची रेषा, तिचे दर आणि सेवाकाळाची सहा वर्षे हे सारे त्या करारात आहे. पुढच्या कराराच्या वाटाघाटींत दोन पक्ष बसतील. चाहत्यांची तिथे जागा नाही. बॉस्टनच्या चाहत्यांनी बेट्सबद्दलचा राग ब्लूम यांच्यावर काढला. तो मालकांना आणि या कराराच्या अटींना विचारलेल्या प्रश्नांत उतरायला हवा होता, आणि अजूनही उतरवता येईल.